गव्याचा कान

‘पुंडलिकरावांच्या त्या गव्याच्या छायाचित्रात अंधुक उजेड असूनही फिल्मचा एक दाणा दिसत नाही, याचे श्रेय त्यांच्या अमरावतीच्या मित्राच्या कुंचल्याला द्यावे लागेल.’ महिन्यापूर्वी अकोल्यात पुंडलिकरावांच्या शोकसभेत एका वक्त्याने हे वाक्य उच्चारले आणि सारी सभा माझ्याकडे कौतुकाने वळून पाहू लागली. तो मित्र मी. मी तिथेच उभा राहून नकार दिला, तर मंडळींना तो माझा विनय वाटला! विनय हा माझा दोष नाही, हे अमरावतीत कोणालाही विचारावे. जे माझे आहे ते मी कधी सोडले नाही. पण जे पुंडलिकरावांचे आहे ते माझ्या पदरात टाकलेले मला खपणार नाही.

पन्नास-साठच्या त्या काळात पुंडलिकरावांचा अकोल्यात स्टुडिओ होता आणि मी त्यांच्यासाठी निगेटिव्हवर पेन्सिल चालवीत असे. नवरीच्या गालावरचे देवीचे वण मी असे बुजवीत असे की तिच्या आईलाही सापडू नयेत. जनावरांच्या फोटोंना मात्र पुंडलिकराव मला हात लावू देत नसत. कमी उजेडासाठी इतर लोक जलद फिल्म घेत, ती डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवीत आणि मग सांबराच्या अंगावर रवा सांडल्यासारखे दाणे उमटत. पुंडलिकराव बारीक दाण्याची संथ फिल्म घेत, कॅमेरा तिपाईवर आवळीत आणि पडदा दोन-दोन सेकंद उघडा ठेवीत. पुढचे काम माठाचे. अकोल्याच्या वैशाखात नळाचे पाणी हाताला चटका देई, म्हणून डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्यापर्यंतचे सारे पाणी ते एकाच माठातून, म्हणजे एकसारखे गार, घेत आणि भांडी ओल्या गोणपाटावर ठेवीत. मला तो सोवळ्याचा प्रकार वाटे. एकदा ते गावी गेले असता मी शहाणपणा केला. डेव्हलपर बर्फाने गार केला आणि फिल्म धुतली सरळ नळाखाली. एका मुंजीची अख्खी फिल्म तडकली, बारीक जाळी पडली. परतल्यावर त्यांनी ती उजेडाला धरली आणि पोट धरून हसले. “पंडितजी, बटूच्या तोंडावर आमचं भेगाळलेलं वावर उमटवलं तुमी!” त्या दिवसापासून मीही माठ भरू लागलो.

गव्याचे चित्र सेमाडोहच्या बाजूचे. एका पाणवठ्याशी सलग चार पहाटा आम्ही पाल्याआड बसलो. चौथ्या दिवशी सागांच्या सावलीतून तो आला आणि आमच्याकडे रोखून पाहत उभा राहिला. मी कुजबुजलो, “दाबा की आता!” ते म्हणाले, “थांबा. त्याले आपली सवय होऊ द्या.” गवा दगडासारखा स्थिर झाला, तेव्हा कुठे त्यांनी कळ दाबली. एक... दोन... आणि सोडली.

फिल्म धुऊन निघाली तेव्हा मला, कबूल करतो, हेवा वाटला. पाठीवरचा केस न् केस मोजावा असे ते काळे, मऊ, नितळ अंग. फक्त एका जागी पुसटपणा होता. मी पेन्सिल काढली. “तासाभरात नीट करून देतो.”

“काहून? त्यानं हालवला तं हालवला. तुमी कोन त्याले थांबोनारे?”

ती निगेटिव्ह त्यांनी जाण्यापूर्वी माझ्या स्वाधीन केली. आता ती माझ्या टेबलाच्या खणात, जुन्या पेन्सिलींच्या शेजारी असते. रोज सकाळी खिडकीशी धरून पाहतो आणि दिवस बरा जातो. ज्यांना कुंचल्याची कथा प्रिय आहे त्यांनी खुशाल यावे, चहा घ्यावा आणि भिंग लावून पाहावे. त्या चित्राला माझा हात लागला असता, तर मी सर्वांत आधी एकच गोष्ट दुरुस्त केली असती. ती तशीच आहे : गव्याचा डावा कान हललेला आहे.