शून्यावर आलेली भट्टी

सिमेंटच्या कारखान्यामागे तिसऱ्या गल्लीत मावशींची लाँड्री होती. मावशी कपडे धुवायच्या, काका इस्त्री करायचे. वाऱ्याने तोंड फिरवलं की कारखान्याच्या जुन्या भट्टीची राख थेट दोरीवर. मग धुतलेलं पुन्हा धुवा. मावशींची जीभ तिखट. म्हणायच्या, "आमच्याकडे पांढरा कपडा आत येतो, बाहेर जात नाही."

काकांच्या छातीची मात्र चेष्टा करण्यासारखी गत नव्हती. चार शर्ट झाले की इस्त्री उभी करून ते बाकावर टेकायचे. डॉक्टर म्हणाले होते, औषधापेक्षा हवा बदला. पण कोळशाची ती भट्टी दोन वर्षांत बंद करू, असं कारखान्याने गल्लीला लेखी दिलं होतं. दोघं त्या भरवशावर थांबली.

दोन वर्षं भरली तसं सगळ्यांना शाळेच्या सभागृहात बोलावणं आलं. कारखान्याचे पर्यावरणाचे साहेब, वयाने मावशींच्या जावयाएवढे, पडद्यावर जंगल दाखवू लागले. कुठल्या तरी दूरच्या देशातलं.

"आपण जेवढा कार्बन सोडतो, तेवढा ही झाडं शोषतात. त्याचं क्रेडिट कंपनीने विकत घेतलंय. म्हणजे कागदोपत्री आपला कारखाना शून्यावर आला. भट्टी बंद करायची आता गरज नाही."

"झाडं तिकडे आणि राख इकडे?" मावशींनी बसल्या जागेवरून विचारलं.

"मावशी, हवा साऱ्या जगाची एकच असते."

"मग तुमचं गेस्टहाऊस वाऱ्याच्या उलट्या अंगाला का बांधलंत?"

सभागृह हसलं. साहेबही हसले. मावशी नाही हसल्या. "त्या जंगलाकडेला माणसं राहत असतील ना? ती चुलीत काय घालतात?"

साहेबांनी कागद चाळले. "त्यांना आता आत जायला मनाई आहे. झाडं राखायची म्हणून."

"म्हणजे त्यांचं सरपण गेलं, आमचा श्वास गेला, आणि शून्यावर आलात तुम्ही!"

टाळ्या पडल्या. बायकांनी पाठ थोपटली. भट्टी धडधडत राहिली.

कारखान्याच्या वार्षिक पुस्तिकेत मावशींचा फोटो छापून आला, हात वर, तोंड उघडं. खाली ओळ होती, 'स्थानिकांशी मोकळा संवाद'. विचारलं काय होतं, ते कुठेच नव्हतं.

थंडीत काकांना लेकीकडे पोचवावं लागलं. तिचं गाव दिवसभराच्या वाटेवर. दोघांचा भार जावयावर नको म्हणून मावशी परतल्या, इस्त्रीही स्वतःच करू लागल्या. काका फोनवर विचारायचे, "भट्टीचं काही कळलं का?"

"होईल हो बंद," मावशी सांगायच्या.

सव्वा महिन्यात काका गेले. मावशी पोचल्या तेव्हा लेक रडत म्हणाली, "आई, इथे आल्यावर पहिले काही दिवस बाबा किती शांत झोपायचे गं."

ते ऐकून मावशी म्हणाल्या, "मी खुळी. त्यांच्या कागदावर विश्वास ठेवून मी दोन वर्षं ह्यांना तिथेच बसवून ठेवलं."