न बसणारी बाई

नाटकवाल्यांकडे किस्से का साठतात, सांगू? प्रयोग विसरतो, बक्षीस विसरतं, पण फजिती कोणी विसरत नाही. आमचा सांगलीचा ग्रुप आजही भेटला की चहा यायच्या आत पहिली फजिती सुरू होते, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या असतात. सगळे हसतात, मीही हसते. त्या दिवसांत मात्र मला हसू येत नव्हतं. घरच्यांपासून लपूनच मी नाटक करत होते.

भीती अण्णांची, म्हणजे वडिलांची. आमचं गाव वडूजच्या पुढं. नव्वदच्या दशकात मी सांगलीला मावशीकडे राहून बी. ए. करत होते. अण्णांची अट साधी होती, कॉलेज आणि घर. तिसरं काही कानावर आलं की ट्रंक उचलायची, गावी यायचं आणि येत्या लगीनसराईत बोहल्यावर चढायचं. अण्णा बोलले म्हणजे करायचे. थोरल्या बहिणीचं त्यांनी तसंच केलं होतं, बारावीच्या परीक्षेआधी.

मी घरी शिलाईचा क्लास लावलाय म्हणून सांगितलं. मुलीच्या जातीला उपयोगी म्हणून तेवढा मंजूर झाला. तो क्लास म्हणजे आमचा तालमीचा हॉल. मावशी सामील होती.

* * *

पहिल्याच वाचनाला सगळे गोल खुर्च्या टाकून बसले आणि मी भिंतीला टेकून उभी. कुलकर्णी सर, आमचे दिग्दर्शक, एरवी बँकेत कॅशियर, ‘बसा’ म्हणाले. मी ‘हो’ म्हणाले आणि उभीच राहिले. पुरुष बसलेले असताना बाईनं बसायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पायांनाच सवय होती. आईला मी अण्णांसमोर बसलेली कधी पाहिली नाही. ते जेवायचे तेव्हा ती तांब्या घेऊन उभी. पाहुणे बोलत बसायचे तेव्हा ती दाराआड उभी.

आठवडाभर हे बघून सरांनी मला बाजूला घेतलं आणि अगदी हळू आवाजात मिरजेच्या मूळव्याधीच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

मग मला खरं सांगावंच लागलं. सर हसले नाहीत. म्हणाले, हे लिहून काढ.

* * *

लिहिलं. दीड तासाच्या नाटकात एक बाई, जी एकदाही बसत नाही. सासरा येतो, नवरा येतो, जावई येतो, बसतात, खातात, उठून जातात. ती उभी. तिला नाव नाही, सगळे नुसतं ‘अगं’ म्हणतात.

कागदावर ती उतरत गेली तसा माझ्या अंगाला घाम फुटायला लागला, कारण ती थेट आईसारखं बोलत होती. मी ओळख पुसायच्या मागं लागले. आईच्या हनुवटीवरचं गोंदण काढून टाकलं. दुष्काळी गाव उचलून महाबळेश्वरला नेलं, दारात स्ट्रॉबेरी लावली. नवऱ्याच्या झुपकेदार मिशा काढल्या. मग समाधानानं मावशीला वाचून दाखवलं.

मावशी म्हणाली, “अक्काच हाय की ही. आन मिशा काढल्या तरी दाजी त्ये दाजीच.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. पहिल्या प्रयोगाला मी हट्टानं ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ अशी घोषणा करायला लावली, आणि पडदा उघडायच्या आत पुन्हा एकदा करायला लावली. पहिल्या रांगेतला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, “कुणाच्या तरी घरातलं हाय गड्या. लय भ्याल्यात.”

* * *

एकदा तालीम रंगात आलेली असताना दारात बाळूदादा. माझा चुलतभाऊ, अण्णांचा उजवा हात. मावशीनं पत्ता द्यायचा टाळला होता, पण हा गडी विचारत विचारत पोचला. मला तर ट्रंकच दिसली डोळ्यांपुढं.

विलास खिडकीतून बाहेर गेला. हा विलास पोस्टात होता आणि नाटकात माझा नवरा. आवाज पहाडी, पण स्वभावानं इतका गरीब की झुरळालासुद्धा सरका म्हणेल. सरांना पळता आलं नाही. त्यांच्या हातात माझं नाटकातलं लुगडं होतं. ते शांतपणे म्हणाले, “या. मी शिलाईचा मास्तर.”

बाळूदादानं सरांना खालपासून वरपर्यंत बघितलं. त्याची खात्री पटावी म्हणून सरांनी लुगड्याच्या काठानंच त्याचं माप घेतलं आणि शर्ट शिवून देतो म्हणाले. मग बाजारपेठेतल्या शिंप्याकडून स्वतःच्या खिशातून शिवून पाठवला.

शर्ट झकास बसला. पुढच्या खेपेला बाळूदादा अण्णांच्या तीन सदऱ्यांचं कापड घेऊन आला.

* * *

पाटणला प्रयोग होता. उघडं मैदान, बायकांची गर्दी पुढं. नाटक अर्ध्यावर आलं आणि एक म्हातारी घडी केलेलं घोंगडं घेऊन सरळ स्टेजवर चढली. माझ्या पायाशी घोंगडं अंथरून म्हणाली, “बस गं बाई. कवाधरनं हुबी हाईस. मी बघते कोण काय म्हणतंय.”

हाताला धरून ओढायला लागली. मी बसले नाही. नंतर सगळ्यांनी माझं कौतुक केलं, की पोरीनं नाटक सांभाळलं. खरं सांगू का, माझ्या मनात नाटक नव्हतंच. समोर अंधारात अण्णा बसलेत असं वाटत होतं आणि गुडघा वाकत नव्हता. बसायची सोय असून मला बसता येत नाही, याची त्या दिवशी अण्णांपेक्षा जास्त भीती वाटली.

म्हातारी मग विलासकडे वळली आणि नुसती बघत राहिली. विलास मुकाट्यानं उठून माझ्या शेजारी उभा राहिला. टाळ्या थांबेनात.

* * *

पाटणच्या प्रयोगाचा फोटो पेपरात आला. मी डोक्यावरून पदर ओढून उभी, तोंड निम्मं झाकलेलं, खाली नाव नाही. आमच्या गावात पेपर केस कापायच्या दुकानात यायचा आणि अण्णा तो रोज तिथं जाऊन वाचायचे. मी दिवसभर मावशीच्या दारात एसटीतून कोण उतरतंय ते बघत बसले. ट्रंक भरून ठेवली होती.

संध्याकाळी बाळूदादाचा शेजारच्या एसटीडी बूथवर फोन. सहज म्हणून सांगत होता, अण्णांनी तो फोटो दुकानात सगळ्यांना दाखवला. म्हणाले, “पोरगी चांगल्या घरची दिसती. पदर बघा डोक्यावरचा. असली नाटकं बायकांना दाखवाय पायजेत.”

* * *

आणि त्यांनी दाखवलं. गणपतीत वडूजच्या मंडळानं अण्णांच्याच सांगण्यावरून आमचं नाटक ठेवलं आणि पाहुणे म्हणून अण्णांना पहिल्या रांगेत बसवलं. विंगेच्या फटीतून मी बघितलं. अण्णा खुर्चीत, अंगात सरांनी शिवून घेतलेला सदरा. बायकांच्या बाजूला, खांबाला धरून, आई.

मी सरांना म्हणाले, मला जमणार नाही. सर म्हणाले, “मग कोण उभं राहणार? मी?” आणि त्यांनी पडद्याची दोरी ओढली.

दीड तास मी पदराआडून बोलले. विलासनं त्या दिवशी कमाल केली, तांब्या फेकला, ताट लाथाडलं, पाहुण्यांदेखत माझा पाणउतारा केला. पहिल्या रांगेकडे मी एकदाही बघितलं नाही.

पडदा पडला आणि अण्णा थेट मागं आले. मागोमाग आई. घसरलेला पदर पुढं ओढायलाही मला वेळ मिळाला नाही. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं. हातानं मला बाजूला केलं, “तुझं घरी बघतो,” म्हणाले, आणि विलासच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

“आवं, माणूस हाय का कोण तुमी? त्या माउलीला एकदा तरी बस म्हणायचं व्हतं. आमच्यात असलं चालत न्हाई.”

विलासनं कोपऱ्यातली एकुलती एक खुर्ची पुढं सरकवली आणि कसंबसं म्हणाला, “बसा.”

अण्णा बसले.

आई दाराशी उभी होती. तिनं खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, पदर तोंडावर दाबला आणि तिचे खांदे हलायला लागले. दाबता दाबता हसू फुटलंच, चांगलं खळखळून.

अण्णांनी मान वळवून विचारलं, “काय झालं गं हसाय?”