कुलूप दिसतंय का?

पूर्णगडच्या महिपतांनी उमेदीची वर्षं बोटीवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढली. निवृत्तीनंतर काचबिंदूने नजर गेली. मग ते पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर शिकले आणि निवृत्त खलाशांच्या संघटनेचा पत्रव्यवहार त्यांनी अंगावर घेतला. अडकलेली पेन्शन, कुणाचं आजारपण, सगळं मेलवर यायचं. एका जुन्या मेल प्रोग्रॅममधून ते ऐकायचे आणि उत्तरं द्यायचे. ब्राउझरमधलं मेलचं पान त्यांना नकोसं व्हायचं. बटणांची आणि जाहिरातींची बडबड ऐकता ऐकता पत्र बाजूलाच राहायचं.

एक दिवस मेल कंपनीची सूचना आली. सुरक्षेची जुनी पद्धत बंद होणार, ब्राउझर अपडेट करा. महिपतांनी केला. तरी ठरल्या तारखेपासून मेल प्रोग्रॅम एवढंच बोलू लागला, की सर्व्हरशी जोडणी होत नाही.

त्यांनी कंपनीला फोन लावला. अजिंक्य नावाच्या कर्मचाऱ्याने ब्राउझरमध्ये मेल उघडायला सांगितली. उघडली. वर पत्त्याशेजारी सुरक्षेच्या खुणेचं कुलूप दिसतंय का, त्याने विचारलं.

"मला दिसत नाही हो," महिपत म्हणाले. "आणि ब्राउझरची तक्रारच नाही माझी. मेल प्रोग्रॅमवाल्यांनी काय करायचं, ते तुमच्या सूचनेत कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. नंतर दर वेळी फोनवर दुसरंच कुणीतरी असायचं आणि गाडी पुन्हा कुलपापाशी यायची. शेवटी परत अजिंक्य भेटला. त्याने चौकशी करून सांगितलं, तुमचा प्रोग्रॅम जुना आहे, त्याला नवी पद्धत येतच नाही. सेटिंगमध्ये सुरक्षा 'नको' केलीत तर चालू होईल.

"उघड्या चॅनलवर बोललेलं सगळा समुद्र ऐकतो," महिपत म्हणाले. "लोकांचे पेन्शनचे कागद आहेत यात. तसं नाही करणार मी."

बायको मथुरा म्हणाली, मी ब्राउझरमधून वाचून दाखवते. ते तिच्यावरच खेकसले. लोकांनी विश्वासाने लिहिलेलं तिसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नव्हतं त्यांना. ती आत निघून गेली. मागाहून त्यांनाच वाईट वाटलं, पण तसं म्हणणं जमलं नाही. तेवढ्यात संघटनेतल्या जयगडच्या लवूचा फोन आला, माझ्या पेन्शनच्या कागदांचं काय झालं म्हणून. मेल सुरू झाली की कळवतो, एवढंच महिपत म्हणाले.

मग त्याच प्रोग्रॅमची नवी आवृत्ती त्यांनी मिळवली. सर्व्हरशी ती पहिल्या झटक्यात बोलली. पण तिच्या बटणांवर नुसती चित्रं होती, वाचून दाखवायला नावंच नव्हती. कानात नुसतं 'बटण, बटण, बटण'. आता मथुरेला हाक मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती शेजारी येऊन बसली आणि कुठलं बटण कशाचं ते सांगू लागली. महिपतांनी भलतंच दाबलं आणि लवूला लिहिलेलं पत्र अर्धंच गेलं.

"ऱ्हवांदे," मथुरा म्हणाली, "परत लिवा."

त्यांनी परत लिहिलं. नंतर कंपनीलाही लिहिलं, की सूचनेत मेल प्रोग्रॅमविषयी दोन ओळी घाला. आभार मानणारं ठरावीक उत्तर आलं. पूर्वी न्याहारीआधी हातावेगळी होणारी पत्रं आता दुपारपर्यंत पुरतात.