काकाचा दुसरा अंतरा

आमच्या काकाला जन्मात एकच गाणं आलं, आणि ते ज्याचं होतं त्या गायकालाही एकच आलं.

राज्यं नव्यानं जुळली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचं बऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिलं, तेव्हाची गोष्ट. कचेरीतले कागद हिंदीत झाले. तिथला कारकून असलेल्या काकानं हिंदी शिकून घेतली ती रेडिओवरच्या गाण्यांतून. रजेच्या अर्जात त्यानं तापाला 'बेदर्दी' लिहिलं होतं. साहेबांनी रजा दिली, वर तब्येतीची चौकशीही केली.

त्या वर्षी एका नव्या गायकाचं गाणं रेडिओवर पायऱ्या चढत चढत थेट पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. चौकातल्या हॉटेलात रेडिओ होता, तिथं ही गर्दी! पण आमची माणसं कसली ऐकतात? पहिला अंतरा संपला की अख्खं हॉटेल 'वाह वा' करत टेबलं बडवायचं. त्या गोंगाटात दुसरा अंतरा कुणी धड ऐकलाच नाही. काकानंही नाही. पण त्याच्या गळ्याला ते गाणं असं काही बसलं की बारसं असो, साखरपुडा असो, लोक त्याला ओढून न्यायचे. एका अंतऱ्यावर टाळ्या पडत असताना पुढचं कोण विचारतो? त्या गायकाचं दुसरं गाणं काही आलं नाही. काका मात्र कॉलर ताठ करून हिंडत होता.

मग बहादरपूरची मुलगी बघायला गेलो. केळीचे मोठे बागाईतदार. मी फ्रॉकातली, काकाच्या शेजारी बसून पोह्यांवर डोळा ठेवून होते. मुलगी समोर येऊन बसली आणि काका पोहे खायचे विसरला. इतकी आवडली त्याला! माझ्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "मुलीला गाणं येतं का?"

मुलीनं शेजारी बसलेल्या तिच्या वहिनीच्या कानात काहीतरी सांगितलं. वहिनी हसू दाबत म्हणाली, "ती म्हणते, आधी पाहुण्यांनी म्हणावं. शहरात नाव आहे म्हणे त्यांचं."

काका खुलला. डोळे मिटून असा गायला की वडीलसुद्धा मान डोलवायला लागले. टाळ्या झाल्या. पुन्हा कानगोष्ट.

"ती म्हणते, दुसरा अंतरा?"

काकाचा चेहरा असा उतरला की मी पोह्यांची बशी खाली ठेवली. येत नाही म्हणावं तर फजिती, आणि ही मुलगी हातची जाणार. त्यानं खिडकीबाहेर बघितलं, घसा खाकरला आणि त्याच चालीवर दिलं ठोकून:

"तापी किनारे केले के पात,
मेरे नसीब में तेरा ही साथ."

मुलीनं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते तिचे. कोपऱ्यात, भरतकामाच्या रुमालाखाली, त्यांच्या घरचा स्वतःचा रेडिओ होता. मला दिसला, काकाला नाही दिसला.

आठवडा उलटायच्या आत होकार आला.

काकूला काही कळलं नाही, या भ्रमात काका पुढं जन्मभर सुखात राहिला. पार जसोंडी गावापर्यंतच्या लग्नांतून लोक ते गाणं केळीच्या पानासकट म्हणायला लागले. रेडिओवरून ते केव्हाच उतरलं होतं, गायकाचं नावही कुणाला आठवेना.

परवा माझ्या नातीनं ते फोनवर शोधून लावलं. "आबा, आपका गाना!" काका आता पार थकलाय, पण हरखला. पहिला अंतरा संपत आला तशी त्याची चुळबुळ सुरू झाली.

"बंद कर गं, बॅटरी संपेल."

"राहू द्या हो, ऐकू द्या," काकू म्हणाली.

दुसरा अंतरा लागला. त्यात ना तापी, ना केळी. चांदणं होतं आणि कसलासा विरह. काकानं मान खाली घातली. या वयातही त्याचे कान लाल झाले होते, आणि मला त्याची फार माया आली.

काकूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फोन नातीच्या हातात देत म्हणाली, "चुकीचं म्हणतोय मेला. म्हणून तर त्याला दुसरं गाणं मिळालं नाही."