मध्यावरचा चेंडू

मानपानाच्या बाबतीत आमच्या देवासच्या व्याह्यांइतका कडक माणूस सबंध माळव्यात झाला नाही, आणि यापुढे होऊ नये अशी माझी नम्र विनंती आहे. हे गृहस्थ माझ्या धाकट्या मुलीचे सासरे. दरबारी क्लबात ते टेनिस खेळत, तेही डोक्यावरची पगडी न उतरवता. सर्व्हिस करण्यापूर्वी ते प्रतिपक्षाकडे पाहून "टाकू का?" असे विचारीत, आणि समोरून होकार आल्यावाचून चेंडू त्यांच्या हातून सुटत नसे. एकदा समोरच्या गृहस्थांना शिंकांनी घेरले, तर शिंका आटोपून होकार मिळेपर्यंत सगळा क्लब ताटकळला. विचारल्यावाचून कोणाच्या अंगावर काही टाकू नये, असे त्यांचे म्हणणे.

त्या वर्षी दुहेरीच्या स्पर्धेसाठी त्यांनी मला जोडीदार म्हणून धारहून बोलावून घेतले. मी वकील, खेळाचे नियम तोंडपाठ करून गेलो. व्याह्यांनी पहिल्याच दिवशी त्यांत एका कलमाची भर घातली. दोघांच्या मधोमध येणारा चेंडू वरपक्षाचा. याला आधार काय, असे मी विचारले.

"लग्नात पहिला विडा कोणाच्या हातावर ठेवलात?" ते म्हणाले.

असा चेंडू आला की ते "आमचा!" म्हणून धावत आणि बहुधा तो जाळीत घालीत. मी क्लबाच्या चिटणिसांस सविस्तर पत्र लिहून खुलासा मागवला. प्रकरण उभय कुटुंबांचे खासगी असल्याने क्लब त्यात पडू इच्छित नाही, असे उत्तर आले. कुंपणापाशी उभा राहणारा एक माळवी गृहस्थ तर रोज विचारी, "वकीलसाब, यो खेल है के बरात?"

एरवी असल्या अन्यायावर मी आकाशपाताळ एक केले असते. परंतु लग्न झाल्यापासून मुलगी माहेरी आली नव्हती. तिची आई धारला वाट पाहत होती, आणि मुलीला पाठवणे न पाठवणे सर्वस्वी या गृहस्थांच्या हाती होते. मी राग गिळला आणि चेंडू सोडले. तरीही आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो, याचे श्रेय प्रतिपक्षांच्या खेळाला द्यावे लागेल.

अंतिम सामन्याच्या अगदी शेवटच्या गुणाला चेंडू नेमका मधोमध आला. व्याही "आमचा!" म्हणाले खरे, पण पगडी डोळ्यांवर उतरल्याने ते भलत्याच दिशेला धावत होते. वकिली, व्याहीपण, सारे विसरून मी तो चेंडू मारला. आम्ही जिंकलो. टाळ्या थांबल्यावर व्याह्यांनी पगडी सारखी केली, "वकीलसाहेब, चेंडू आमचा होता," एवढेच म्हणाले आणि निघून गेले. मुलीला नेण्याविषयी विचारायचे राहूनच गेले.

मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचे नाही, या रिवाजामुळे मी धर्मशाळेत उतरलो होतो. सकाळी निघण्यासाठी बाहेर आलो, तो टांग्यात मुलगी बसलेली, मांडीवर गाठोडे. शेजारी व्याही उभे, मुद्रा न्यायाधीशाची.

"आमचा चेंडू विचारल्यावाचून मारलात," ते म्हणाले. "उद्या मुलगीही विचारल्यावाचून न्याल. तेव्हा आम्हीच पाठवतो. संक्रांतीपर्यंत ठेवून घ्या."

मुलगी पदराआड हसत होती. मी टांग्यात चढून टांगेवाल्याला निघायला सांगितले.

व्याही गेले त्याला बरीच वर्षे झाली. धारच्या क्लबात मी अजून खेळतो. मधोमध चेंडू आला की तरुण जोडीदार "घ्या, काका, घ्या" म्हणून ओरडतो. नियमाने तो कोणीही घ्यावा. तरी मी क्षणभर थांबतो. शेजारून कोणी हक्क सांगते का, ते ऐकतो. तेवढ्यात चेंडू निघून जातो.