रागाला इंग्रजीत किती शब्द

माझी वहिनी सांगलीची. लग्न होऊन साताऱ्याला आमच्या घरी आली तेव्हा मॅट्रिकला एकदा बसून इंग्रजीत आपटलेली होती. तिचे मास्तर तिला म्हणाले होते, "मुली, चांगल्याला गुड आणि वाइटाला बॅड, एवढ्या भांडवलावर इंग्रजी होत नाही." हे तिच्या मनाला फार लागलं होतं. पुन्हा परीक्षेला बसायचं तर मार्चमध्ये माहेरी जाऊन राहायला हवं. बाबा कचेरीत कारकून, इंग्रजी जाणणारे, पण घरातल्या प्रश्नातून अंग काढून घेण्यात पटाईत. "सासूला विचार," म्हणाले. आई म्हणाली, "मार्च म्हणजे पापडांचे दिवस. बघू." आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही, हे मांजरालासुद्धा कळत होतं.

तरी वहिनीने अभ्यास सोडला नाही. याचं मला तेव्हा नवल वाटायचं आणि अजूनही वाटतं. लढाईचे दिवस, रॉकेलची मारामार, त्यामुळे जे काही वाचायचं ते उजेडात आणि हातातलं काम न थांबवता. मी इंग्रजी पाचवीत होते. शब्दांच्या माळा घोकायच्या आणि शिक्षकांसमोर ओकायच्या, एवढीच विद्या मला येत होती. वहिनीला ते पटायचं नाही.

"समानार्थी शब्द म्हणजे जावा-जावा," ती म्हणायची. "एका घरात नांदतात, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही."

म्हणून ती प्रत्येक शब्दाला घरातला एकेक प्रसंग नेमून द्यायची. रागाचे शब्द सर्वांत सोपे गेले, कारण आई घरात होती. दूध उतू गेलं की आई अनॉइड. मांजर सोवळ्यातल्या स्वयंपाकाला शिवलं की फ्युरियस. आणि शेजारणीने लोणच्याची वाटी रिकामीच परत पाठवली तेव्हा आई दिवसभर एक शब्द बोलली नाही, ते इंडिग्नंट. विरुद्धार्थी, म्हणजे शांतपणाचे, शब्द दुपारचे. चहा पोटात गेला की आई प्लॅसिड, आणि बाबा कचेरीत गेले की सगळं घर सिरीन. आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसायचो. मॅट्रिकच्या परीक्षेची इतकी मजेदार तयारी साताऱ्यात दुसऱ्या कुणी केली नसेल.

पापडांचा पहिला दिवस उजाडला. आई पहाटेपासून उडदाचं पीठ कुटत होती. बाबा कचेरीला निघता निघता दारात थबकले आणि म्हणाले, "एवढ्याशा कामाला इतकी माणसं कशाला लागतात?" आणि गेले. आईचं लाटणं पोळपाटावर जोरात फिरू लागलं.

वहिनी दोऱ्याने लाट्या कापत होती. तिच्या तोंडून हळूच निघून गेलं, "इंडिग्नंट."

"काय म्हणालीस?" आईने विचारलं.

आता सांगली संपली, असंच मला वाटलं. वहिनीला थाप मारता आली असती. तिने मान वर करून सांगितलं, "तुम्हाला आलाय ना आई, त्या रागाला म्हणतात. आपल्यावर अन्याय झाला की येतो तो राग. हक्काचा."

आईचं लाटणं थांबलं. "असा वेगळा शब्द आहे त्यांच्यात?"

"आहे."

आईने हातातल्या पापडाची कड बोटाने सारखी केली. मग म्हणाली, "मला तिसरीतून काढलं तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. सगळे म्हणाले, पोर रागीट आहे. तेव्हापासून ते नाव पडलं ते पडलंच." तिने पापड उचलून सुपावर टाकला. "तू जा सांगलीला. पापड आम्ही लाटू."

वहिनीचे डोळे भरून आले. मी खाली मान घालून लाट्या मोजायचं सोंग केलं, कारण मलाही रडू येत होतं. आईला आम्ही इतके दिवस पाहत होतो, तिच्यावर शब्द बसवत होतो, आणि तिच्याबद्दल आम्हाला काडीचंही माहीत नव्हतं.

वहिनी सांगलीला गेली, परीक्षेला बसली आणि पास झाली. पुढे ती शाळेत इंग्रजी शिकवू लागली, आणि तिच्या वर्गात जावांची गोष्ट ऐकलेल्या बायका मला अजून भेटतात. पण मला जास्त आठवते ती त्या पापडांच्या दिवसाची संध्याकाळ. बाबा घरी आले. आईने चहाचा कप पुढे ठेवला आणि पाठ फिरवली.

"अजून राग गेला नाही वाटतं," बाबा हसत म्हणाले. "पहिल्यापासून रागीटच तू."

"रागीट नाही मी," आई म्हणाली. "इंडिगनंट आहे."

उच्चार चुकला होता. पण बाबांना शब्द कळला. त्यांनी कप खाली ठेवला, आणि आईला ते रागीट म्हणाले ते शेवटचंच.