माडीवरची अभिनेत्री आणि आमचा फ्रिज

संध्याकाळी ओट्यावर तीन-चार माणसे नियमाने बसू लागली की किस्से आपोआप साठतात. जिन्याखाली जुन्या चपला साठतात, तसेच हे. एकदा सगळे काढून टाकावे असे मनात येते. पण एकेक जोड हातात घेतला की कोण, केव्हा, कुठे निघाले होते ते आठवते, आणि तो पुन्हा जागेवर ठेवला जातो!

लोणावळ्यातील वलवणमधल्या आमच्या ओट्यावरची मंडळी मोजकी आहेत. मी स्वतः रेल्वेतून निवृत्त झालेला पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलून देणारा. शाळा सातवीपर्यंत, पुढील शिक्षण मी केबिनमध्ये, दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, पुस्तकांतून घेतले. माझी पत्नी शांता, जिला पुस्तके सोडून सर्व विषयांत गती आहे. शेजारचा रिक्षाचालक दत्ता. आणि दोन वर्षांपासून आमच्या माडीवर भाड्याने राहणारी वंदना.

वंदना अभिनेत्री आहे. लोणावळ्याहून मुंबई आणि पुणे दोन्हीकडे ऑडिशनला जाता येते आणि खोलीही परवडते, म्हणून ती येथे आली. तोपर्यंत तिने दोन नाटकांत काम केले होते आणि तीन मालिकांत तिचा मृत्यू झाला होता.

जुन्नरला तिच्या थोरल्या भावाचे बाथरूमच्या टाइल्सचे दुकान आहे. त्याने तिला बजावले होते, "यंदाच्या दिवाळीपर्यंत तुझं बस्तान बसलं तर ठीक. नाहीतर घरी यायचं आणि माझ्या काउंटरवर बसायचं. आई येऊन बघून जाईल. ती म्हणेल तसं." वंदनाने हे मान्य केले, कारण पहिल्या नाटकाच्या वेळी तिला एस.टी.त बसवून देणारी घरात एकटी आईच होती. आईचा शब्द तिला मोडवणार नव्हता.

तेव्हापासून तिने कोणत्याही कामाला नाही म्हटले नाही.

* * *

एकदा ऑडिशनचा व्हिडिओ घरीच, माडीच्या जिन्याच्या तोंडाशी, मोबाइलवर काढून पाठवायचा होता. प्रसंग असा, की बाप मुलीला घराबाहेर काढतो. बापाची वाक्ये मोबाइलच्या मागे उभे राहून वाचण्याचे काम माझ्याकडे आले. मी ती अगोदर दोनदा मनात वाचली. तयारीवाचून मोठ्याने वाचणे मला पसंत नाही.

पहिल्या खेपेला वंदना म्हणाली, "आबा, तुम्ही बातम्या देताय. जरा चिडा की!"

मी चिडलो. "या घरात तुला यापुढे जागा नाही! उचल आपलं सामान!" वंदना रडली. फार चांगली रडली. परंतु तिचे समाधान होईना. मी तिला एकूण चार वेळा घराबाहेर काढले.

खाली दत्ता रिक्षा पुसत होता. त्याने हे सर्व ऐकले आणि पाच मिनिटांत आळीत बातमी पसरली. दोघी जणी भाकरी घेऊन धावत आल्या. एकीने तर वंदनाला स्वतःची मागची खोली देऊ केली! शांता विहारातून परतत होती, तिला हे कोपऱ्यावरच कळले. ती चपला न काढता तडक माडीवर आली आणि मला म्हणाली,

"पोरगी इथेच राहील. तुम्ही निघा!"

भूमिका दुसऱ्याच मुलीला मिळाली. आमचा जिना मात्र मालिकावाल्यांना फार आवडल्याचे कळवण्यात आले.

* * *

उन्हाळ्याच्या सुटीत एका चिक्कीच्या दुकानाबाहेर तिला शेंगदाणा होऊन उभे राहावे लागले. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत कापडी टरफल, आणि पाहण्यापुरत्या दोन फटी. येणाऱ्या पर्यटकांना "या, या, गरम चिक्की!" असे म्हणायचे.

एक बाई पुढे गेल्या, थबकल्या आणि परत आल्या. शेंगदाण्याच्या फटीत डोकावून त्यांनी विचारले, "हा आवाज... तुम्ही त्या मालिकेत जिन्यावरून पडून मेलात ना?"

त्या संध्याकाळी वंदना इतकी आनंदात होती, की दत्ताने पेढे आणायचे का म्हणून विचारले!

* * *

नर्सिंग कॉलेजच्या परीक्षेत रुग्णाचे सोंग घेण्यासाठी माणसे बोलावतात, हे माझ्या वाचनात कधी आले नव्हते. वंदनाला पोटदुखी देण्यात आली. कोठे दुखते, केव्हापासून, सकाळी काय खाल्ले, याची उत्तरे तिला लिहून दिली होती. विद्यार्थिनीने विचारायचे आणि आजार ओळखायचा.

सहा मुलींनी पोटदुखी बरोबर ओळखली. सातवी मुलगी अबोल होती. तिने पोट दाबून पाहिले. मग अंगठ्याने वंदनाची खालची पापणी ओढून पाहिली. नखे पाहिली.

"मॅडम, पोटाचं तुम्ही छान करताय. पण तुमच्या अंगात रक्त कमी आहे. सकाळी काय खाल्लंत?"

"दोन इडल्या," वंदनाने लिहून दिलेले उत्तर दिले.

"ते कागदावरचं झालं. खरं काय खाल्लंत?"

वंदनाने नखे मुठीत लपवली. परीक्षकांनी त्या मुलीचे दोन गुण कापले. कारण ते लक्षण कागदावर नव्हते!

त्या दिवसापासून शांता रोज ताट वर पाठवते. वंदना म्हणते, "मावशी, भूक नाही हो." मी तिचे पुष्कळ अभिनय पाहिले आहेत. हा तिला जमत नाही.

* * *

पवनानगरच्या बाजूला कोणी प्लॉट विकत होते. मुंबईची गिऱ्हाइके जीपमधून जागा पाहायला येत. वंदनाने त्यांच्यातच गिऱ्हाईक म्हणून बसायचे आणि जागेवर पोचताच हरखून ओरडायचे, "अय्या, किती सुंदर! मी हाच घेणार!" म्हणजे इतरांना घाई सुटे.

मी माझी नापसंती स्पष्ट शब्दांत नोंदवली. ती म्हणाली, "आबा, प्रेक्षक आठच असतात, पण अगदी जवळ बसतात. सवय राहते."

दोन आठवडे सुरळीत गेले. एका रविवारी ती नेहमीप्रमाणे हरखली. शेजारीच वरच्या वाडीतील एक म्हातारी रोजाने झाडांना पाणी घालत होती. तिने कंबर सरळ केली आणि मोठ्या आपुलकीने विचारले,

"अवं ताई, ह्यो प्लॉट तुमी चार येळा घेतला. घर कवा बांधनार?"

आठही गिऱ्हाइके निमूटपणे जीपमध्ये जाऊन बसली. मॅनेजरने दोघींनाही त्याच दिवशी कामावरून काढले. परतीच्या वाटेवर वंदनाचा चेहरा पाहून म्हातारीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"जाऊ द्या वं ताई. तुमचं काय, चार प्लॉट हायेत न्हवं?"

* * *

तुंगार्लीच्या एका बंगल्यातील लग्नात वधूकडची माणसे कमी होती. बराचसा वधूपक्ष भाड्याने आणलेला होता, आणि वंदना वधूची मावशी झाली होती. पाठवणीच्या वेळी ती अशी रडली, की वरमाईचेही डोळे पाण्याने भरले. वधू तिच्या कानात म्हणाली, "ताई, थोडं कमी करा, सगळे माझ्याकडे बघतायत!"

पुढे डोहाळजेवणाला वरमाईने हट्टच धरला, की मावशी आल्याच पाहिजेत. त्यामुळे वंदनाला पुन्हा बोलावणे आले. भरल्या मांडवात वरमाईने तिला स्वतःजवळ बसवून घेतले आणि पाहुण्यांना सांगितले,

"सुनेच्या माहेरचं खरं माणूस म्हणजे ही एकच! बाकी सगळे नुसती नाटकं करायला आलेत!"

* * *

दिवाळीच्या आठ दिवस आधी आई आली.

आमच्या ओट्याने पूर्ण तयारी केली होती. वंदना नर्सिंग कॉलेजात कायमच्या नोकरीला आहे, असे ठरले. दत्ता हा कॉलेजच्या गाडीचा, म्हणजे आपल्याच रिक्षाचा, ड्रायव्हर झाला. खोली भरलेली दिसावी म्हणून त्याने आणि आणखी दोघांनी आमचा फ्रिज माडीवर चढवला. खाली स्वयंपाकघरात फ्रिजच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन उरला. तेथे शांताने तांदळाचा डबा ठेवला. मला खोटे बोलता येत नाही, म्हणून मला संवाद देण्यात आले नाहीत.

आई ठेंगणी, हसतमुख, आणि प्रत्येक गोष्टीचे कौतुक करणारी. रोज नऊला दत्ता येऊन हाक मारी, "मॅडम, गाडी आली!" वंदना रुबाबात निघे आणि संध्याकाळपर्यंत बाजारात भटकत बसे. दुपारी आई खाली येऊन, त्या तांदळाच्या डब्याला टेकून, शांताबरोबर मेथी निवडत बसे. तेवढ्या दिवसांत फ्रिजवाचून शांताचे दूध दोनदा नासले. दोन्ही वेळा आईने ते फडक्यात बांधून टांगून ठेवले.

चौथ्या दिवशी निघताना ओट्यावरच भावाचा फोन आला. आईला स्पीकर बंद करता येत नव्हता, म्हणून आम्ही सर्वांनी ऐकले.

"काय गं आई? आणतेस ना तिला संगं?"

वंदनाने ओट्याचा खांब धरला. दत्ता रिक्षाची काच पुसायचा थांबला.

"कुटं आणू तिला?" आई म्हणाली. "रोज कालेजाची गाडी येती न्यायला. पोरी मॅडम मॅडम करत्यात. घरात नवा फ्रिज घेतलाय. मालक देवमाणूस, दिसभर वाचत असत्यात. अन् तू तिला काउंटरवर बशिवतो व्हय? तुझ्या फरश्या तूच बघ!"

एवढे बोलून तिने फोन पिशवीत टाकला. मग वंदनाला जवळ ओढून अंगठ्याने तिची खालची पापणी खाली केली, क्षणभर पाहिले, आणि सोडून दिली. रिक्षात बसली. दत्ताने हँडलला हात घातला, तेवढ्यात बाहेर वाकून तिने शांताला हाक मारली.

"अवं शांताबाई, हाळिवाचं लाडू केल्यात, फ्रिजात हायेत. रोज एक हिला समोर बसवून खाऊ घाला. अन् फ्रिज खाली आणताना आडवा न्हाई करायचा. बिघडतोय."